रिसेप्शनसाठी स्वस्तातले फ्लॅश: निघण्याआधीची तयारी

रिसेप्शनच्या फोटोंसाठी कॅमेऱ्यापासून लांब, स्टँडवर ठेवायचा फ्लॅश महागच हवा असं काही नाही. पॉवर हाताने कमी-जास्त करायचा, टीटीएल (कॅमेऱ्याने उजेड मोजून फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवायची सोय) नसलेला साधा मॅन्युअल फ्लॅश चालतो. खरं तर जिथे फ्लॅश एका जागी उभा आहे तिथे मला मॅन्युअलच बरा वाटतो. समोर पांढरा पोशाख येवो की काळा सूट, तो उजेड तेवढाच टाकतो. स्वस्त फ्लॅश दगा देतो तो पूर्ण पॉवरवर सारखा वापरला की. पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागतो, सेल बसतात, डोकं तापतं आणि मग तो स्वतःला वाचवण्यासाठी आणखी मंद होतो. हाच फ्लॅश १/१६ पॉवरवर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या सोळाव्या हिश्श्यावर, संध्याकाळभर बिनतक्रार चालतो. म्हणून पुढची सगळी तयारी एकाच हेतूने आहे: स्टँडवरचा फ्लॅश १/१६च्या वर न्यायची वेळ येऊ नये, फार तर १/८.

सुरुवात घरीच, कागदावर. फ्लॅशच्या खोक्यावरचा गाइड नंबर (त्याची ताकद सांगणारा आकडा) भागिले मीटरमधलं अंतर, की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना) १००ला लागणारं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा एफ आकडा, मिळतं. मात्र खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात लांबच्या झूमचा, म्हणजे फ्लॅशचा उजेड अरुंद झोतात एकवटलेला असतानाचा, असतो. गोडॉक्स टीटी६००चा ६० हा आकडा २०० मिमीचा आहे. रिसेप्शनला प्रकाश पसरायला हवा, म्हणजे झूम ३५ किंवा ५०वर, आणि तिथे हा नंबर बराच खाली येतो. समजा तो ३६ धरला. पूर्ण पॉवर, आयएसओ १००, ९ मीटर अंतर: उत्तर येतं एफ/४. आता आयएसओ १६०० करा, चार स्टॉप मिळाले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पॉवर १/१६ करा, चार स्टॉप गेले. म्हणजे आयएसओ १६००, एफ/४, १/१६ पॉवर आणि ९ मीटर हे गणित जुळलं. स्वस्त फ्लॅशला ‘ताकद कमी’ म्हणणाऱ्यांनी एकदा एवढं मांडून बघावं. आपल्या फ्लॅशसाठी हेच १/८ आणि १/३२चं करून फोनमध्ये लिहून ठेवा. हॉलमध्ये डोकं चालवायला उसंत मिळत नाही.

कॅमेऱ्याची सेटिंग आदल्या दिवशीच लावून ठेवा. शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वात वेगवान शटरच्या) आत, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आत. पण प्रत्यक्षात १/६० ते १/१२५मध्येच राहा, म्हणजे हॉलचे दिवे आणि सजावट काळी पडत नाही. शटरने फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही, पार्श्वभूमीत पडतो, हे लक्षात असलं की अर्धा गोंधळ संपतो. हाय स्पीड सिंक, म्हणजे त्याहून वेगवान शटरवरही फ्लॅश चालवायची सोय, बंद ठेवा. ते पॉवर खातं आणि घरातल्या कार्यक्रमात त्याचं काही काम नाही. मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक शटरवरून मेकॅनिकलवर या, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिकवर फ्लॅश उडतच नाही. एक्सपोजर प्रिव्ह्यूही (फोटो किती उजळ येईल ते आधीच दाखवणारी सोय) बंद करा, नाही तर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार दिसेल. कॅमेरा नवा असेल तर हॉट शूमध्ये (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधला मोठा संपर्कबिंदू आहे का ते डोळ्यांनी बघा. कॅननने ईओएस २५०डीसारख्या काही प्राथमिक मॉडेलांतून तो काढून टाकला आहे, आणि त्या एकाच बिंदूवर चालणारे साधे ट्रिगर (कॅमेऱ्यावरून लांबचा फ्लॅश उडवणारी उपकरणं) तिथे मुके होतात.

सेलवर मात्र कंजूसपणा नको. वाचवलेले पैसे इथे घाला. साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे आणि निकेल मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचे, म्हणून पहिले जास्त दमदार वाटतात. पण फ्लॅशला झटक्यात मोठा करंट लागतो आणि तो देण्यात रिचार्जेबल सेल पुढे असतात. पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे, म्हणजे लो सेल्फ डिस्चार्जवाले घ्या. चार-चारचे जोड करा, प्रत्येक जोडावर मार्करने एकच खूण करा आणि ते कायम एकत्रच वापरा, एकत्रच चार्ज करा. चारातला एक अशक्त निघाला की बाकीच्या तिघांचीही गती त्याच्याएवढीच. टीटी६००च्या माहितीपत्रकात २५०० एमएएचच्या सेलवर पूर्ण पॉवरचे सुमारे २३० फ्लॅश आणि २.६ सेकंदांपर्यंतचा रिसायकल (पुन्हा चार्ज व्हायचा) वेळ दिला आहे. १/१६वर फ्लॅशची संख्या कित्येक पट वाढते आणि थांबणं जवळपास उरत नाही. तरीही प्रत्येक फ्लॅशमागे एक जादा जोड न्या. भरलेले एका डबीत, वापरलेले दुसऱ्या डबीत, आणि दोन्ही डब्यांचे रंग वेगळे.

ट्रिगर रेडिओचाच. ऑप्टिकल स्लेव्ह, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून उडणारा प्रकार, स्टुडिओत ठीक. रिसेप्शनला दुसऱ्या कुणी फ्लॅश मारला की आपलाही उडतो. फ्लॅशवर एस१, एस२ असं काही दिसत असेल तर तो मोड चालू राहिलेला नाही ना, हे पाहा. रेडिओत चॅनल नेहमीचा ठेवू नका. दुसऱ्या फोटोग्राफरचाही त्याच कंपनीचा संच असण्याची शक्यता मोठी असते. ट्रिगरमध्ये आयडी बदलायची सोय असेल तर तोही बदला. दोन फ्लॅशना ए आणि बी असे वेगळे ग्रुप द्या आणि तेच अक्षर चिकटपट्टीवर मोठं लिहून फ्लॅशच्या पाठीवर लावा. मग सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट: ऑटो पॉवर ऑफ. भाषणं लांबली की स्टँडवरचा फ्लॅश झोपतो आणि नाच सुरू होताना आपण हॉलच्या दुसऱ्या टोकाला असतो. प्रत्येक फ्लॅशच्या मेन्यूत जाऊन ते बंद करा. जुना, कुणाकडून घेतलेला फ्लॅश असेल तर तो थेट कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज शंभर-दोनशेच्या घरात असतं आणि आजच्या कॅमेऱ्याला ते जाळू शकतं. आधी मल्टिमीटरने मोजा.

जेलचं, म्हणजे फ्लॅशवर लावायच्या रंगीत पारदर्शक पट्टीचं, काम थोडक्यात. हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तर फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल लावा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगांची सेटिंग) त्याप्रमाणे उबदार दिव्यांकडे आणा, म्हणजे माणसं निळी आणि मागची भिंत केशरी असं होत नाही. फुल सीटीओला साधारण दोन तृतीयांश स्टॉप उजेड जातो, म्हणून मी अर्धं वापरते. थोडी ऊब उरलेली चांगलीच दिसते. दोन्ही फ्लॅशवर एकसारखंच हवं. रंगीत एलईडी फिरत असतील तर त्यांच्याशी रंग जुळवायच्या भानगडीत पडू नका.

हॉलवर पाहुण्यांच्या आधी किमान तासभर पोचा आणि पहिल्यांदा जागा बघा, बॅग नंतर उघडा. स्टँड कोपऱ्यात, खांबाला किंवा भिंतीला खेटून. दाराच्या वाटेत नाही, आणीबाणीच्या दारासमोर तर कधीच नाही. हॉलच्या व्यवस्थापकाला दाखवून, विचारून घ्या. पायांवर वाळूची पिशवी टाका. लहान मुलं पळत असतात आणि स्टँड कुणाला चुकवत नाही. छत्री आणि सॉफ्टबॉक्स गाडीतच राहू द्या, हे माझं मत. वारा, धक्का, जागा हे प्रश्न आहेतच, शिवाय दोन स्टॉप सहज जातात. दोन स्टॉप म्हणजे वरच्या गणितातला १/१६ एकदम १/४ झाला, आणि इतक्या लांबून छत्रीचा मऊपणाही फारसा दिसत नाही.

नाचाच्या जागेच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन उघडे फ्लॅश, अडीच मीटर उंचीवर, दोन्ही सारख्या पॉवरवर. तुम्ही जिकडे फिराल तिकडे तुमच्या बाजूचा फ्लॅश चेहरा उजळतो आणि समोरचा केसांना, खांद्यांना कड देतो. जागा बदलली की दोघांची कामं बदलतात. स्टँड जितका मागे नेता येईल तितका न्या. फ्लॅशपासून २ मीटरवरचा माणूस आणि ४ मीटरवरचा माणूस यांच्यात दोन स्टॉपचा फरक पडतो. ६ आणि ८ मीटरमध्ये तो एका स्टॉपपेक्षाही कमी असतो. डोकं किंचित वर, पलीकडच्या टोकाकडे रोखा, म्हणजे स्टँडजवळून जाणाऱ्याचा चेहरा पांढराफटक होणार नाही. कमी पॉवरचा आणखी एक फायदा इथे मिळतो: १/१६वर फ्लॅशचा चमकारा फार लहान असतो, त्यामुळे गिरकी घेणारा हात जागच्या जागी गोठतो.

कॅमेऱ्यावर शक्य असेल तर ट्रिगरचंही काम करणारा एक फ्लॅश ठेवा आणि तो पांढऱ्या छतावर बाउन्स करा, म्हणजे उजेड छतावर आपटून खाली येऊ द्या, स्टँडवरच्यांपेक्षा दीड-दोन स्टॉप कमी. डोळ्यांखालच्या सावल्या तेवढ्याने भरतात. छत काळं, लाकडी किंवा फार उंच असेल तर बाउन्सचा नाद सोडा.

समूहफोटोंची मांडणी वेगळी. इथे बाजूचा फ्लॅश घात करतो, कारण पुढच्याच्या डोक्याची सावली शेजारच्याच्या गालावर पडते. दोन्ही स्टँड उचलून कॅमेऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, जवळ आणि उंच लावा. रांगा जास्त असतील तर एफ/५.६वर या, त्यासाठी पॉवर १/८ करावी लागेल, आणि फोटो थांबून-थांबून काढायचे असल्याने ती चालते. चष्मेवाले असतील तर फ्लॅश आणखी वर.

पाहुणे यायच्या आधी कुणाला तरी मधोमध उभं करून चारही बाजूंनी एकेक फोटो काढा. मग हॉलच्या सर्वात लांबच्या कोपऱ्यातून, मध्ये खांब असेल तर त्याच्या आडून, सलग दहा-पंधरा वेळा शटर दाबून पाहा. एकही फ्लॅश चुकला तर चॅनल बदला. व्हिडिओवाल्यांना आपले स्टँड दाखवा आणि त्यांच्या कॅमेऱ्यांची दिशा विचारा. फ्लॅशमुळे त्यांच्या फ्रेममध्ये अर्ध्या भागावर पांढरा पट्टा येतो, म्हणून भाषणांच्या वेळी मोजके फोटो घ्यायचं आधीच ठरवा. त्यांचा सततचा दिवा लागणार असेल तर तो कुठून येणार हेही कळून घ्या. कधी कधी त्याच्याच आधाराने एक फ्लॅश बंद ठेवता येतो.

बॅगेत शेवटी: एक जादा फ्लॅश, एक जादा ट्रिगर आणि त्याचे सेल, स्टँडवर फ्लॅश बसवायचे दोन जादा शू, कापडी चिकटपट्टी, छोटा टॉर्च. सेल बदलायची वेळ घड्याळ बघून ठरवा. जेवणं सुरू झाली की दोन्ही स्टँडचे सेल बदलून टाका, फ्लॅशने अजून कुरकुर केली नसली तरी.