जुन्या विलीज जीपचं स्टेअरिंग ढिलं झालंय? बॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावा

आमच्याकडं विलीज सीजे-थ्रीबी आहे, लेफ्ट हँड, ती उंच बोनेटवाली. 1953 ला या जीपमध्ये हरिकेन इंजिन आलं, ते उंचीला जास्त म्हणून बोनेट वर उचललं, ते हे मॉडेल. कोल्हापुरात गाडी आली तेव्हा स्टेअरिंगला चांगला चार बोटं प्ले, म्हणजे रिकामी हालचाल, होता, सरळ रस्त्यावरपण सारखं डावं उजवं करत बसायचं. एका गॅरेजवाल्याला दाखवली तर त्यानं स्टेअरिंग बॉक्सच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या डब्याच्या, बाजूचा स्क्रू आवळला, दहा मिनिटात काम, प्ले कमी झाला म्हणून आम्हीपण खूश. मग करूळ घाटात पहिल्याच वळणाला कळलं, स्टेअरिंग वळलं ते परत यायलाच तयार नाही, हातानं ओढून सरळ करायला लागलं, घाम फुटला. घरी आल्यावर बघतो तर बॉक्स बिचारा बरा होता, प्ले सगळा खाली बेल क्रँकमध्ये, म्हणजे बॉक्स आणि चाकांच्या मधल्या फिरत्या तुकड्यात, होता.

म्हणून चाकापासून सुरू करा आणि बॉक्सकडं या, उलटं नको.

आधी एक काम फुकटातलं. गाडी जमिनीवर उभी ठेवा, जॅक नको, घरातलं कुणीतरी सीटवर बसवा आणि स्टेअरिंग थोडंथोडं इकडं तिकडं हलवायला सांगा, जोरात नाही, नुसता प्ले संपेपर्यंत. तुम्ही बॅटरी घेऊन खाली झोपा. बॉक्समधून बाहेर येतो तो पिटमन आर्म, त्याला ड्रॅग लिंक, ती जाते मधल्या बेल क्रँकला, आणि तिथून दोन टायरॉड दोन चाकांना. प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून बघा, एक तुकडा हलतोय आणि पुढचा गप्प आहे असं जिथं दिसेल तिथं झीज आहे. बोटाला डोळ्यापेक्षा लवकर कळतं.

मग पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका. चाक वरखाली धरून हलवा. प्ले आहे? आता कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिलं, राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्यावर चाक डावंउजवं वळतं ती खीळ. चाक काढायचं असेल तर एक लक्षात ठेवा, या जीपला डाव्या बाजूचे नट बहुतेक उलट्या आट्याचे असतात, पाईप लावून नेहमीच्या दिशेनं ओढत बसाल आणि स्टड तुटेल. आधी आटे नीट बघा.

किंगपिनला इथं वर एक आणि खाली एक टेपर बेअरिंग असतं. खालचं आधी जातं कारण पाणी आणि चिखल तिथंच साठतो. प्ले अगदी थोडा असेल तर वरच्या झाकणाखालची एक पातळ शिम (पत्र्याची चकती) काढून भागतं, पण बेअरिंगला खड्डे पडले असतील तर शिम काढून स्टेअरिंग फक्त जड होतं आणि मधेच अडकल्यासारखं लागतं. तेव्हा चारही बेअरिंग कपासकट बदला, त्यासाठी एक्सल शाफ्ट बाहेर काढावा लागतो, रविवारचा अख्खा दिवस धरा. बसवल्यावर नकल (चाक धरणारा, वळणारा भाग) हातानं फिरलं पाहिजे पण आपलं आपण पडता कामा नये.

आता बेल क्रँक, खरा चोर. चॅसीच्या पुढच्या आडव्या पट्टीत एक पिन आणि त्यावर हा फिरतो, आत दोन नीडल बेअरिंग. ग्रीस निपल आहे पण रंगाखाली नाहीतर मातीखाली गडप झालेलं असतं, आमच्या जीपचं सापडलं ते स्क्रू ड्रायव्हरनं खरवडल्यावर, आत ग्रीसच्या जागी लाल भुकटी आणि सुयांचे तुकडे. बेल क्रँकचं टोक धरून वरखाली करा, खडखड हललं की काढायचाच. किटमध्ये पिन, बेअरिंग, वॉशर आणि सील येतं. बेअरिंग ठोकू नका, व्हाइसमध्ये बरोबर मापाचा सॉकेट लावून दाबा, तिरपं गेलं की सुया वाकल्या समजा. आम्ही शेवटी नीडल बेअरिंगचा नाद सोडला, शिवाजी उद्यमनगरात लेथवर गनमेटलचे बुश करून घेतले. आपल्या खड्ड्यांना बुशच बरा असं माझं मत आहे, फक्त ग्रीसला आळस चालणार नाही. आणि पट्टीतलं पिनचं भोक मोठं झालंय का तेपण बघा, ते तसंच ठेवून नवीन पिन घातली तर पैसे पाण्यात.

टायरॉडचे एंड चार आहेत, एक गेला असेल तरी चारही बदला, बाकीचे त्याच वयाचे आहेत. काढताना नट पूर्ण काढू नका, दोनतीन आट्यांवर ठेवा, मग आर्मच्या डोळ्याला एका बाजूला जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूनं ठोका, टपकन सुटतो. आट्यांवर ठोकायचं नाही. जुना एंड किती फेऱ्यात निघाला ते मोजून खडूनं लिहून ठेवा, एक टोक उलट्या आट्याचं असतं हेपण.

ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांत गोळा, वाट्या, स्प्रिंग आणि बाहेरून स्क्रूवाला प्लग. स्प्लिट पिन काढा, सगळं रॉकेलमध्ये धुवा, तुटकी स्प्रिंग बदला. प्लग घट्ट आवळून मग मागं सोडायचा, बेल क्रँकच्या टोकाला अर्धा आटा, पिटमन आर्मच्या टोकाला एक आटा, आणि नवीन स्प्लिट पिन. गोळा अंडाकृती झिजला असेल तर आर्म बदला, सरळ असताना आवळाल तर वळणावर धरेल. वेल्डिंगनं गोळा भरून देतो म्हणणारे भेटतील, स्टेअरिंगच्या कुठल्याच पार्टला वेल्डिंग करू देऊ नका.

एवढं झाल्यावर आमचा प्ले बोटभर राहिला. तेव्हा बॉक्स. ड्रॅग लिंक सोडवा, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मोजा आणि बरोबर अर्ध्यावर ठेवा. आतला कॅम (दांड्याचा खाचा असलेला भाग) मधोमध मुद्दाम घट्ट केलेला असतो, चाकं वळलेली ठेवून आवळलं तर मधे आल्यावर जाम होणार, आमचं घाटात झालं ते हेच. आधी कॉलम वरखाली हलतोय का बघा, तो वरच्या झाकणाच्या शिमनं काढायचा, मग बाजूच्या स्क्रूची चेक नट सोडून मधल्या जागेवर हलकासा जडपणा लागेपर्यंतच आवळा. लिव्हरचे पेग (कॅमच्या खाचेत बसणाऱ्या खुंट्या) चपटे झाले असतील तर स्क्रूनं काही होत नाही, लिव्हर बदला. पिटमन आर्म काढायला लागलाच तर पुलर वापरा आणि आधी खूण करा. आत गिअर ऑईलच घाला. गळतंय म्हणून ग्रीस भरतात, पण ग्रीस एकदा बाजूला सरकलं की कॅमवर परत येत नाही, त्यापेक्षा सील बदला.

शेवटी टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते. चाकं सरळ, टायरच्या मधोमध खडूची रेघ, एक्सलच्या उंचीवर पुढचं अंतर आणि मागचं अंतर टेपनं घ्या. पुढचं अर्धा सूत कमी पाहिजे, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास, पुस्तकात 3/64 ते 3/32 इंच दिलंय. दोन्ही टायरॉड सारखे फिरवा, क्लँप आवळा. मग हळू चालवून या आणि शंभर किलोमीटर झाले की परत एकदा खाली झोपा, आमचा बेल क्रँकचा बोल्ट तेव्हा पाव फेरी ढिला सापडला होता.