‘यू वेट’ ऐकून पाहुणा का बिचकला? साधी इंग्रजी वाक्यं बोलताना या चुका टाळा

आमच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला एका सोसायटीचे वॉचमन काका येतात. परवा त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. गेटवर एक परदेशी पाहुणे आले होते. वरच्या मजल्यावर फोन लावून खात्री करायची होती, म्हणून काका अगदी अदबीने म्हणाले, ‘यू वेट.’ पाहुण्यांचा चेहराच बदलला. ‘मॅडम, मी काय वाईट बोललो? तुम्ही थांबा, एवढंच म्हणालो की!’

काकांच्या डोक्यातली मराठी बरोबर होती, आणि घोळ तिथेच झाला. आपल्या कानाला नुसत्या ‘थांबा’पेक्षा ‘तुम्ही थांबा’ जास्त मऊ लागतं. इंग्रजीत नेमकं उलटं आहे. तिथे आज्ञा करताना कर्ता बोलायचाच नसतो, क्रियापदाने सुरुवात करायची: ‘वेट’, ‘कम’, ‘सिट डाउन’. पुढे ‘यू’ जोडला की बोट रोखल्याचा सूर येतो, ‘तू थांब रे’ असा. काकांनी आदर म्हणून जो शब्द घातला, त्यानेच आदर गेला.

मराठीत मान क्रियापदाच्या शेपटीत असतो. थांब, थांबा, थांबावं, थांबता का जरा: शेपूट बदललं की समोरच्याची पायरी बदलते. इंग्रजीत मुलाला, साहेबांना आणि कुत्र्याला एकच ‘वेट’. त्यामुळे मान बाहेरून आणावा लागतो. ‘प्लीज वेट’ चालतं, पण तीही सूचनाच. खरा मान येतो विचारण्यातून: ‘कुड यू वेट अ मिनिट, प्लीज?’ हॉटेलात ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणजे ‘पाणी दे’. ‘पाणी द्या’ म्हणायचं असेल तर ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ वाक्य लांबतं, त्याला इलाज नाही.

हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधीची माझ्यासारखी मंडळी पाचवीत एबीसीडी शिकली. पण पहिलीत शिका नाहीतर पाचवीत, कानावर पहिल्या आज्ञा पडतात त्या गुरुजींच्या: स्टँड अप, सिट डाउन, कीप क्वाइट, कम हिअर. मोठेपणी दुकानात, ऑफिसात, विमानतळावर आपण त्याच वापरतो आणि नकळत समोरच्याला बाकावर उभं करतो. गंमत म्हणजे अदबीचं एक वाक्यही त्याच वर्गात प्रत्येकाला पाठ झालेलं असतं: ‘मे आय कम इन, सर?’ त्याचाच साचा वापरा. ‘मे आय सी युअर आयडी?’, ‘मे आय सिट हिअर?’, ‘मे आय आस्क समथिंग?’ नवीन काही शिकायला लागत नाही.

वाक्य शेवटून वाचा

‘आय येस्टरडे मार्केट व्हेजिटेबल्स बॉट.’ असं वाक्य कुणी बोललं की हसू नका. सगळे शब्द बरोबर आहेत, फक्त मराठी रांगेत उभे आहेत. मराठीत हे चालतं, कारण शब्दांना प्रत्यय असतात. ‘मांजराने उंदराला पकडलं’ म्हणा की ‘उंदराला मांजराने पकडलं’ म्हणा, मरतो उंदीरच. ‘द कॅट कॉट द माउस’ यातले दोन प्राणी मात्र जागेवरून हलवले, तर उंदीर मांजराला पकडतो. इंग्रजीत ‘ने’ आणि ‘ला’ यांचं काम जागा करते.

वर्गात मी एक युक्ती सांगते. मराठी वाक्यातला कर्ता आधी उचलायचा आणि मग उरलेलं वाक्य शेवटून मागे वाचत यायचं. ‘मी काल मंडईत भाजी घेतली.’ मी, घेतली, भाजी, मंडईत, काल. ‘आय बॉट व्हेजिटेबल्स इन द मार्केट येस्टरडे.’ आणखी एक: ‘बाबा रोज सकाळी टेकडीवर फिरायला जातात.’ बाबा, जातात, फिरायला, टेकडीवर, रोज सकाळी. ‘बाबा गोज फॉर अ वॉक ऑन द हिल एव्हरी मॉर्निंग.’ शब्दाच्या आतसुद्धा तोच उलटा प्रवास होतो. ‘मंडईत’मधला ‘त’ मागे होता, तो ‘इन’ होऊन पुढे आला. ‘टेकडीवर’मधला ‘वर’ गेला आणि पुढे ‘ऑन’ बसला.

फक्त विशेषणाला हात लावायचा नाही. ‘लाल साडी’ ही ‘रेड सारी’च राहते. ‘माझ्या मोठ्या भावाला’ हा एक गठ्ठा समजा. गठ्ठा आतून उलटवायचा नाही, त्याचं ‘ला’ तेवढं सोडवून पुढे आणायचं: ‘टू माय एल्डर ब्रदर’.

पण या ‘ला’चीही एक खोड आहे. ‘त्याला विचार’चं ‘आस्क टू हिम’ आणि ‘मला सांग’चं ‘टेल टू मी’ होतं, ते चूक. ‘आस्क’ आणि ‘टेल’ यांना ‘टू’ चालत नाही: ‘आस्क हिम’, ‘टेल मी’. उलट ‘एक्सप्लेन’ त्याच्याशिवाय चालत नाही. ‘एक्सप्लेन मी’ नव्हे, ‘एक्सप्लेन इट टू मी’. याला नियम शोधत बसू नका, पाठ करा.

आपण गाळतो तिथे ते घालतात

‘जेवलीस का?’ ‘हो, जेवले.’ कोण जेवलं हे सांगायची गरजच नाही, ‘जेवले’तच सगळं आलं. म्हणून इंग्रजीतही कर्ता सुटतो: ‘येस, एट.’ साध्या वाक्यात इंग्रजीला कर्ता लागतोच, अगदी नसला तरी! ‘उशीर झाला’ यात कोण आहे? कुणीच नाही. तरी ‘इट इज लेट’ म्हणायचं. ‘गरम होतंय’, ‘इट इज हॉट’. ‘पाच वाजले’, ‘इट इज फाइव्ह ओक्लॉक’. हा ‘इट’ म्हणजे रिकाम्या खुर्चीवर ठेवलेला रुमाल. थोडक्यात, आज्ञेत कर्ता नको, बाकी सगळीकडे हवा. आपल्या हातून नेमकं उलटं होतं.

‘आहे’ हा दुसरा त्रास. मी जात आहे, मला माहीत आहे, मला दोन भाऊ आहेत. सगळीकडे ‘आहे’, म्हणून सगळीकडे ‘ॲम’. त्यातून ‘आय ॲम गो’ आणि ‘आय ॲम नो’ तयार होतात. ‘ॲम’च्या शेजारी साधं क्रियापद बसत नाही. ‘आय गो’ म्हणा किंवा ‘आय ॲम गोइंग’. माहीत असणं म्हणजे नुसतं ‘आय नो’ आणि भाऊ असणं म्हणजे ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

गंमत अशी, की जिथे हवं असतं तिथे आपण ते विसरतो. ‘उशीर करू नको’ यात कुठेच ‘आहे’ नाही, म्हणून ‘डोन्ट लेट’ होतं. ‘लेट’ हे क्रियापद नाही, विशेषण आहे. त्याला ‘बी’चा टेकू लागतो: ‘डोन्ट बी लेट’, ‘बी केअरफुल’, ‘बी क्वाइट’. नकाराचं म्हणाल तर तीच शेवटून वाचायची युक्ती: ‘हात लावू नको’, ‘डोन्ट टच’. ‘नो टच’ही नाही आणि ‘डोन्ट टचिंग’ही नाही.

‘डू’ किंवा ‘डिड’ आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात जातं. ‘डिड यू वेन्ट’ चूक, ‘डिड यू गो’ बरोबर. भूतकाळ एकदाच दाखवायचा. ‘यू आर कमिंग?’ असा नुसता सूर चढवून विचारलेला प्रश्न मात्र मी सुधारत नाही. बोलताना तो सगळेच वापरतात. लिहिताना ‘आर यू कमिंग?’ लिहा, झालं.

‘लाव’ नावाचा भूलभुलैया

सगळ्यात जास्त चुका मला इथे सापडतात, आणि व्याकरणाच्या पुस्तकात हे प्रकरण नसतं. ‘दार लाव’ आणि ‘दिवा लाव’. पहिल्यात बंद करायचं, दुसऱ्यात चालू करायचं, आणि क्रियापद एकच! मुलाकडे परदेशात गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने नातीला ‘क्लोज द लाइट’ सांगितलं, ती पोर दिव्याकडे बघत राहिली. दाराला ‘क्लोज’ किंवा ‘शट’. दिवा, पंखा, टीव्ही यांना ‘स्विच ऑन’ आणि ‘स्विच ऑफ’. नळाला ‘टर्न ऑफ’.

एवढ्यावर भागत नाही. गजर लाव: ‘सेट द अलार्म’. गाडी सावलीत लाव: ‘पार्क द कार इन द शेड’. त्याला फोन लाव: ‘कॉल हिम’. कुकर लाव: ‘पुट द कुकर ऑन’. मलम लाव: ‘पुट सम ऑइंटमेंट ऑन इट’. ‘काढ’चंही तेच. फोटो ‘टेक’ करायचा, चित्र ‘ड्रॉ’ करायचं, बूट ‘टेक ऑफ’ करायचे, बँकेतून पैसे ‘विथड्रॉ’ करायचे. ‘उगाच दात काढू नको’चं शब्दशः भाषांतर केलंत, तर समोरचा दंतवैद्याला शोधेल.

म्हणून वही करताना ‘लाव म्हणजे काय’ असं लिहू नका. वस्तूच्या नावाने पान करा. दाराच्या पानावर ओपन, शट, लॉक, नॉक. फोनच्या पानावर कॉल, पिक अप, हँग अप, चार्ज. घरातल्या वीस वस्तूंची वीस पानं झाली, तरी रोजचं बरंच बोलणं सुटतं.

वॉचमन काकांनीही त्यांच्या केबिनमध्ये एक कागद चिकटवला. त्यावर देवनागरीत तीन वाक्यं: ‘मे आय सी युअर आयडी?’, ‘कुड यू साइन हिअर, प्लीज?’ आणि कुणाकडून तरी ऐकलेलं, त्यांना फार आवडलेलं ‘वुड यू माइंड वेटिंग हिअर?’ पुढच्याच आठवड्यात ते पुन्हा हिरमुसून आले. एवढं गोड विचारलं, तरी पाहुणा तोंडावर ‘नो’ म्हणाला.

‘मग निघून गेला का?’

‘नाही हो. हसला आणि खुर्चीत जाऊन बसला.’

‘काका, माइंड म्हणजे हरकत. तुम्ही विचारलंत, थांबायला हरकत आहे का? तो म्हणाला, नाही.’