जुन्या ड्रोनसाठी बॅटरी शोधताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये फँटम ३, मॅव्हिक प्रो, स्पार्क असे डीजेआय कंपनीचे जुने ड्रोन अजून बऱ्याच जणांकडे आहेत. मोटर ठणठणीत, कॅमेरा चांगला, तो स्थिर धरणारं गिंबल सुरळीत. अडतं ते बॅटरीपाशी. कंपनीने ही मॉडेलं कधीच बंद केली. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी असल्यामुळे दुसरा तसाच ड्रोन मागवायची सोयही राहिली नाही. सुट्या भागांना ती बंदी लागू नाही, म्हणून बॅटऱ्या बाजारात दिसतात. पण दिसते ती प्रत्येक बॅटरी उडवण्याच्या लायकीची नसते. लग्नसराई तोंडावर आली की लोक हातात येईल ती उचलतात आणि मग माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन येतात. दरवर्षी त्याच चुका बघून आता लिहायलाच बसलो.

चूक पहिली: सीलबंद आहे म्हणजे नवी आहे असं धरणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने होतं. "बॉक्स फोडलेलाच नाही, एकदाही वापरलेली नाही," असं विकणारा म्हणतो आणि घेणारा निर्धास्त होतो. लिथियम पॉलिमर सेल वापरला नाही तरी म्हातारा होतोच. शिवाय या ड्रोनच्या बॅटरीत सेलसोबत एक सर्किट असतं. बॅटरी बंद असली तरी ते अगदी थोडा करंट पीत राहतं. चार-पाच वर्षं बॉक्स गोडाऊनमध्ये पडून राहिला की एखाद्या सेलचं व्होल्टेज अडीचच्याही खाली उतरतं. त्याहून आणखी खाली घसरलं की सेलच्या आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज केलं की ते तांबं आत भलतीकडे जमतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट मोकळी होते.

अशी मेलेली बॅटरी काही जण सेलला थेट सप्लाय जोडून उठवतात, चारही लाइट लावून दाखवतात आणि नव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकतात. बाहेरून ओळखायला काहीच खूण नसते.

इंदिरानगरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने फँटम ३ साठी अशाच दोन बॅटऱ्या घेतल्या. घरी चार्ज केल्या, चारही लाइट लागले, ॲपमध्ये शंभर टक्के. हॉलमध्ये जमिनीपासून हातभर उचलून पाहिलं आणि चाचणी झाली म्हणून मोकळा झाला. पुढच्याच आठवड्यात डिसेंबरातल्या पहाटे निफाडला द्राक्षबागेचं शूटिंग होतं. निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, बागाईतदार मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. त्या गारठ्यात रात्रभर गाडीत राहिलेली बॅटरी त्याने तशीच लावली आणि ड्रोन सरळ वर चढवला. ॲप साठच्या पुढे टक्के दाखवत होतं. वळताना जोर दिला तसा एक सेल एकदम बसला, ड्रोन आपोआप उतरायला लागला आणि मांडवाच्या तारांत जाऊन अडकला. गिंबलचा हात तुटला, दोन पंखे गेले. वर तो सोडवताना बागाईतदाराला द्राक्षंही तोडावी लागली.

माझ्याकडे आल्यावर तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "दादा, साठ टक्के होती हो बॅटरी!"

साठ टक्के हा आकडा सर्किटचा हिशेब असतो. आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला हे मोजून, सेलची क्षमता किती हे गृहीत धरून ते टक्के दाखवतं. सेल थकला असेल आणि सर्किटला त्याची नवी ओळख झालेली नसेल तर टक्के खोटे ठरतात. फँटमचे चार सेल एकामागोमाग जोडलेले असतात. औताच्या चार बैलांतला एक बसला की औत तिथेच थांबतं, तसंच इथे होतं. बाकीचे तीन सेल कितीही दमदार असले तरी उपयोग नाही. त्यात थंडीने सेलचा अंतर्गत रोध वाढतो, जोर दिल्यावर व्होल्टेज आणखी खाली बसतं.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही, उत्पादनाची तारीख विचारतो. डीजेआयच्या ॲपमध्ये बॅटरीच्या पानावर उत्पादन तारीख आणि किती वेळा चार्ज झाली हे दिसतं. त्या पानाचा फोटो पाठवा म्हणायचं. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही. तीन वर्षांहून जुनी बॅटरी फुकट मिळाली तरी माझ्या ड्रोनला लागत नाही.

बॅटरी हातात आल्यावर ती अंगाच्या उबेने वीस अंशांच्या वर आणायची, मोकळ्या मैदानात डोक्याएवढ्या उंचीवर ड्रोन स्थिर ठेवायचा आणि ॲपमध्ये एकेका सेलचं व्होल्टेज बघत तीस टक्क्यांपर्यंत उतरू द्यायचं. अधूनमधून वर-खाली जोर द्यायचा. जोर दिल्यावर कुठलाही सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टहून जास्त मागे पडला तर बॅटरी परत. परत घेणार का, हे पैसे देण्याआधी ठरवून घ्या. ही चाचणी सोमेश्वरच्या धबधब्यावर किंवा गंगापूर धरणाच्या पाण्यावर करू नका. सांगावं लागतंय, कारण करणारे आहेत.

चूक दुसरी: "सेल बदलून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती बॅटरी देणं

एम. जी. रोडवर मोबाईलची बॅटरी आपल्यासमोर बदलून मिळते, म्हणून ड्रोनचीही तशीच मिळेल असं लोकांना वाटतं. मोबाईलला एक सेल. फँटम ३ ला चार, मॅव्हिक प्रोला तीन, आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारी एक चिप. जुने सेल कापून काढताना त्या चिपला सेलचं व्होल्टेज एकदम कोसळलेलं दिसतं. ती समजते की बॅटरीत कायमचा बिघाड झाला, तशी नोंद स्वतःच्या मेमरीत करते आणि वाट बंद करते. मग नवे सेल कितीही चांगले बसवा, बॅटरी चालू होत नाही. ती नोंद पुसायला चिपशी कॉम्प्युटरवरून बोलणारा वेगळा अडॅप्टर आणि सॉफ्टवेअर लागतं. ते ज्याच्याकडे नाही त्याने या कामाला हातच लावू नये.

चिप अडली तर निदान ड्रोन जमिनीवर राहतो. खरा धोका त्यापुढे आहे, आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. फँटम ३ च्या बॅटरीवर १५.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. त्याला चारने भागा: ३.८. हा जास्त व्होल्टेजचा सेल आहे, पूर्ण चार्ज होतो तेव्हा ४.३५ पर्यंत जातो. बाजारात सहज मिळणारा साधा लिथियम पॉलिमर सेल ३.७ चा असतो आणि त्याची मर्यादा ४.२. कारागीर मापात बसतो म्हणून साधा सेल टाकतो, वरचं सर्किट जुनंच राहतं, आणि ते बिनदिक्कत ४.३५ पर्यंत चार्ज करत राहतं. दर वेळी, दर सेलला ०.१५ व्होल्ट जास्त. सुरुवातीची काही उड्डाणं छान होतात, उलट जास्त वेळ मिळाल्यासारखं वाटतं. मग सेल फुगतात. मग कधीतरी चार्जिंगला लावलेली बॅटरी धूर सोडते.

सातपूरच्या एका मुलाची अशी बॅटरी माझ्यासमोर टेबलावर आली तेव्हा तिचं कवच शिवणीतून उघडलं होतं. तो अजूनही तिच्यातून एक उड्डाण काढता येईल का, असं विचारत होता. रविवारी साखरपुडा होता म्हणे. मी नाही म्हटलं, तो नाराज होऊन गेला. घाईतल्या माणसाला नाही म्हणणं हे या कामाचं अर्धं काम आहे. शंभर माणसांच्या डोक्यावरून जाणारी वस्तू "एवढ्या एका वेळेपुरती" चालवायची नसते, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

भागाकाराची सवय मात्र प्रत्येकाने लावून घ्या. मॅव्हिक प्रो: ११.४ भागिले ३, म्हणजे ३.८. मॅव्हिक २: १५.४ भागिले ४, म्हणजे ३.८५, आणि त्याचा सेल ४.४ पर्यंत जातो. फँटम २ वर ११.१ आहे आणि सेल तीन, म्हणजे ३.७ चा साधा सेल. सेल बदलून घ्यायचेच असतील तर कारागिराला दोन गोष्टी विचारा: पूर्ण चार्जला सेल किती व्होल्टचा, आणि चिपमधली बिघाडाची नोंद कशी पुसणार. उत्तर अडखळत आलं तर बॅटरी उचलून घरी या. सेलच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तापलेलं सोल्डरिंग गन दाबून धरणारा दिसला तरी तेच करा. पट्टी जास्त तापली की सेलचं सील जातं.

चूक तिसरी: लेबलवरच्या आकड्यांना भुलणं

मूळ बॅटरी ४४८० एमएएचची आणि त्याच आकाराच्या कॉपीवर ६००० छापलेलं. त्याच डब्यात एवढी जास्त वीज मावत असती तर कंपनीनेच भरली असती. माझा उपाय साधा आहे, वजनकाटा. फँटम ३ ची मूळ बॅटरी ३६५ ग्रॅम, मॅव्हिक प्रोची साधारण २४० ग्रॅम. आकडा मोठा आणि वजन कमी असेल तर आत लहान सेल आहेत, विषय संपला.

मोठमोठ्या 'सी' रेटिंगचंही तेच. 'सी' म्हणजे बॅटरी आपल्या क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते तो आकडा. फँटम ३ ची बॅटरी ६८ वॉट-अवरची आणि कंपनीने सांगितलेला उड्डाणाचा वेळ २३ मिनिटांपर्यंत. म्हणजे साधारण १७७ वॉट, १५.२ व्होल्टला जेमतेम १२ अँपिअर. म्हणजे २.६ सी. चढताना ते दुप्पट धरा. इथे १०० सी कशाला हवंय? त्या छापील आकड्यापेक्षा ताजे, एकसारखे चार सेल हजार पटींनी मोलाचे.

बाकीच्या, थोडक्यात

फक्त स्वतःच्या मॉडेलचं नाव टाकून शोधू नका. फँटम ३ च्या प्रोफेशनल, ॲडव्हान्स्ड आणि स्टँडर्ड या तिन्हींना एकच बॅटरी लागते. फँटम ४ ला फँटम ४ प्रोची ५८७० एमएएचची बॅटरी चालते. मॅव्हिक प्रो आणि प्लॅटिनमचीही एकच. नंतरच्या मॉडेलची बॅटरी बसत असेल तर ती ताजी मिळण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या कंपनीची बॅटरी नीट चालत असेल तर ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) उगाच अपडेट करू नका. अपडेटनंतर बॅटरी अस्सल नाही असा इशारा येऊन ड्रोन उडायला नकार देऊ शकतो.

फँटम १ किंवा स्वतः जोडलेला ड्रोन असेल, तर तुमची बॅटरी साधी, बिनचिपची. सेलची संख्या, माप आणि कनेक्टर जुळला की झालं. पण लाल-काळी वायर मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका. खेळण्यातल्या ड्रोनच्या छोट्या बॅटऱ्यांमध्ये उलटी वायर मी बऱ्याचदा पाहिली आहे.

१८६५० या नळकांडीसारख्या सेलचा पॅक करून फँटमला बांधायचे व्हिडिओ बघून कोणी मोहात पडू नये. लॅपटॉपमधून काढलेले सेल एवढा करंट देताना तापतात आणि व्होल्टेज बसतं. बाहेरून जादा बॅटरी चिकटवणं हाही त्यातलाच प्रकार.

"उद्या विमानाने पोचवतो" म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहा. नुसत्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी मनाई आहे, आणि मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नसाव्या लागतात. जो पार्सलवर मोबाईलचं कव्हर लिहून बॅटरी पाठवतो, तो बॅटरीच्या लेबलवरही खरं लिहीत असेल कशावरून? रस्त्याने येऊ द्या, आठ दिवस थांबा. पार्सल उघडल्यावर लाइट लावून बघा. कुरियरने आलेली बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर पाठवणाऱ्याला बॅटरी कशी पाठवायची ते माहीत नाही.

बॅटरीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा.

चार स्वस्त बॅटऱ्यांपेक्षा दोन चांगल्या घ्या.

काम नसताना दर सेल ३.८५ व्होल्टच्या आसपास ठेवा. पूर्ण भरून ठेवली तर फुगते, रिकामी ठेवली तर मरते. दोन महिन्यांनी एकदा काढून बघायची. एप्रिल-मेमध्ये सिन्नरच्या रस्त्यावर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बॅटरीची बॅग ठेवून जेवायला जाऊ नका.

चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर, शेजारी वाळूची बादली. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेल्या बॅटरीला सुई टोचून हवा काढायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. तो वायू पेट घेतो.

आणि फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, सेल फुटतो, आणि आग लागते तेव्हा गाडीवरचा माणूस तिथे उभा असतो. बॅटरी सुस्थितीत असेल तर आधी सावकाश उतरवा. फुगलेली असेल तर तशीच ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात घालून गॅलरीत सावलीला ठेवा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवी बॅटरी घेताना जुनी परत घेणार का, हे विक्रेत्याला विचारायला लाजू नका.