नफा कागदावर, पैसा उधारीत: एमबीएला नव्याने येणाऱ्यांसाठी

एमबीएच्या पहिल्या सत्रात इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा बी.ए. करून आलेली मुलं सगळ्यात जास्त धास्ती घेतात ती अकाउंट्सची. शेजारी बी.कॉम.वाले रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवार नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) भराभर मांडत असतात आणि आपलं गाडं नावे म्हणजे डेबिट कुठलं, जमा म्हणजे क्रेडिट कुठलं इथेच अडतं. मीही मेकॅनिकल करून आलो होतो. आता कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, उत्पादन आणि खरेदी बघतो आणि तो विषय रोज लागतो.

नावे-जमाचा घोळ बहुतेकांचा पासबुकापासून सुरू होतो. खात्यात पैसे आले की बँक ‘क्रेडिट’ म्हणते, वर्गात मात्र सर सांगतात की बँक खातं डेबिट करा. दोन्ही बरोबर आहे. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या आपल्या खात्याची नक्कल. आपण ठेवलेले पैसे हे बँकेचं देणं, आणि देणं वाढलं की क्रेडिट. आपल्या वहीत तेच पैसे आपली मालमत्ता, म्हणून डेबिट. नोंद करण्याआधी ‘ही वही कोणाची?’ एवढं विचारलंत तर निम्मा गोंधळ संपतो. मग एखाद्या छोट्या दुकानाचे महिन्याभराचे व्यवहार घ्या आणि हाताने, कागदावर, रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत (मालमत्ता आणि देणी यांचं पत्रक) न्या. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर नंतर शिका. टॅलीत एंट्री मारली की ताळेबंद आपोआप येतो, तो कसा आला ते दिसत नाही. मॅनेजरला नोंदी करायच्या नसतात हे खरं, पण समोर आलेला आकडा कुठून आला हे त्याला ओळखता आलं पाहिजे.

आता खरा मुद्दा. माल बिल होऊन गेला की विक्री झाली असं हिशेब मानतो. पैसे कधी येतील हा वेगळा प्रश्न. पुस्तकात हे एका वाक्यात येतं आणि बहुतेक मुलं ते ओलांडून पुढे जातात. कारखाने अडचणीत येतात ते बरेचदा इथेच.

समजा एका फाउंड्रीची महिन्याची विक्री 50 लाख आहे, सगळे खर्च जाऊन नफा 5 लाख. ग्राहक 90 दिवसांनी पैसे देतो, म्हणजे कायम दीड कोटी येणं असतं. कच्चा माल महिन्याला 30 लाखांचा, त्याची उधारी 30 दिवसांची, म्हणजे 30 लाख देणं. स्टॉक सोडून दिला तरी 1 कोटी 20 लाख अडकलेले. आता मोठी ऑर्डर आली, विक्री दुप्पट झाली, नफा महिन्याला 10 लाख झाला. येणं 3 कोटींवर गेलं, देणं 60 लाखांवर. अडकलेली रक्कम 2 कोटी 40 लाख. वाढलेला नफा वर्षाला 60 लाख, आणि जादा अडकलेले पैसे 1 कोटी 20 लाख. दोन वर्षांचा वाढीव नफा नुसता हा खड्डा भरण्यात जातो. ते पैसे बँकेकडून 10 टक्क्यांनी घेतले तर वर्षाला 12 लाख व्याज वेगळं.

यात जीएसटी धरलेला नाही. दर 18 टक्के धरला तर 1 कोटीच्या विक्रीवर 18 लाख कर, त्यातून 60 लाखांच्या खरेदीवर भरलेले 10 लाख 80 हजार वजा. उरलेले 7 लाख 20 हजार पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचे, ग्राहकाकडून दमडी आलेली नसली तरी. आमच्याकडे 31 तारखेला डिस्पॅच वाढवायची घाई सुरू झाली की अकाउंट्सवाल्यांच्या कपाळावर आठ्या का पडतात, ते यावरून कळावं.

आणि बँक? कॅश क्रेडिटची, म्हणजे स्टॉक आणि येण्याच्या तारणावर लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा मंजूर झाली म्हणजे तेवढे पैसे हातात, असं नसतं. दर महिन्याला स्टॉक आणि येण्याचं स्टेटमेंट द्यावं लागतं. बँक त्यातून देणं वजा करते, मार्जिन (आपण स्वतः घालायचा वाटा) कापते आणि उरेल तेवढंच उचलू देते. 90 दिवसांच्या वर गेलेली बिलं सहसा मोजतच नाही. म्हणजे ग्राहकाने आणखी दहा दिवस लावले तर त्याचेही पैसे नाहीत आणि त्या बिलावर बँकेचेही नाहीत.

कायदा छोट्या उद्योगाच्या बाजूने आहे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. उशीर झाला तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो दर) तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तरी ऑर्डर जाईल या भीतीने छोटा कारखानदार तोंड उघडत नाही. उद्या तुम्ही मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात बसाल तेव्हा तुमच्या टेबलावर थांबलेल्या बिलामुळे कुणाचा तरी पगार थांबलेला असतो. हे मला मनापासून सांगायचं आहे.

घसाऱ्यावर (यंत्रांची किंमत वर्षावर्षाने खर्चात टाकणं) फार अडू नका, एवढं ध्यानात ठेवा: घसाऱ्याने नफा कमी होतो पण पैसा बाहेर जात नाही. कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल याच्या अगदी उलट, नफा-तोटा पत्रकात दिसतच नाही आणि पैसा मात्र जातो.

कॉस्टिंगला, म्हणजे मालाचा खर्च काढण्याला, मात्र वेळ द्या. समजा कास्टिंगचा (ओतीव मालाचा) भाव किलोला 110 रुपये. स्क्रॅप, वीज, वाळू, कंत्राटी मजुरी धरून बदलता खर्च (उत्पादनाबरोबर वाढणारा) 85, स्थिर खर्चाचा (माल काढला नाही तरी होणारा) वाटा 20. एक ग्राहक 98 रुपये देऊ करतो. 105 चा माल 98 ला कसा द्यायचा, असं वाटतं. भट्टी रिकामी असेल तर किलोमागे 13 रुपये सुटतात, 20 टनांवर 2 लाख 60 हजार. स्थिर खर्च तसाही होणारच आहे. भट्टी भरलेली असेल तर तीच ऑर्डर किलोमागे 25 सोडणारा माल बाजूला सारते, मग नको. वर हा ग्राहक पैसे किती दिवसांनी देणार, आणि जुन्या ग्राहकाच्या कानावर हा भाव गेला तर काय, हेही विचारायचं. परीक्षेत यावर बहुतेक वेळा एकच उत्तर अपेक्षित असतं, कारखान्यात ते दर महिन्याला बदलतं.

एनपीव्ही, आयआरआर, म्हणजे गुंतवणूक परवडते का ते मोजायच्या पद्धती, दुसऱ्या सत्रात येतील. एक्सेलवर जमतात, त्यांची भीती नको.

सराव हवा असेल तर बीएसईच्या (मुंबई शेअर बाजार) संकेतस्थळावरून तुम्हाला माहीत असलेल्या उत्पादन कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवा, फुकट मिळतो. अध्यक्षांचं भाषण सोडा, आधी रोख प्रवाह पत्रक उघडा. कामकाजातून आलेली रोख आणि नफा, चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. नफा चढता आणि रोख तिथेच असेल तर हिशेबाच्या टिपांमध्ये येण्याची यादी शोधा. 2021 मध्ये कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनमध्ये (हिशेबपत्रकांचा नमुना ठरवणारी) बदल झाल्यापासून किती येणं सहा महिन्यांच्या आतलं आणि किती तीन वर्षांपेक्षा जुनं, हे कंपनीला छापावं लागतं. स्टॉकचा आकडाही तिथेच पाहा. उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली की अकाउंट्सच्या माणसाकडे अशीच यादी मागा, ग्राहकवार. चहा पिता पिता तो एकेका नावापुढे काय सांगतो ते वहीत उतरवून घ्या.