बल्बची जुन्या धाटणीची पाटी घरी करताय? या चुका टाळा

बहुतेक जण आधी दिवे विकत आणतात आणि मग अक्षर काढायला बसतात. पाटी बिघडते ती इथेच. जुन्या सिनेमागृहाच्या किंवा सर्कशीच्या दारावरची पाटी आठवा: जाड, ठसठशीत अक्षर आणि त्याच्या वळणाबरोबर जाणारी बल्बची एकच रांग. अक्षर किडकिडीत असेल तर दिवे कितीही लावा, लांबून नुसते ठिपके दिसतात.

देवनागरीत हे जास्तच जाणवतं. स्वयंपाकघरासाठी ‘चहा’ एवढाच शब्द घ्या. ‘च’च्या पोटात आणि ‘ह’च्या वळणात जागा मुळातच कमी. तिथे बल्ब दाटीने बसवले की उजेड एकमेकांत मिसळतो आणि ‘ह’ ओळखूच येत नाही. म्हणून मी आधी वर्तमानपत्रावर दीड फूट उंचीचं पूर्ण आकाराचं अक्षर काढते, बल्बच्या जागी शर्टाची बटणं मांडते आणि दहा फूट मागे जाऊन बघते. बटण सरकवायला क्षण पुरतो. प्लायला पाडलेलं भोक बुजवताना जीव जातो. दांडी शिरोरेघेला मिळते त्या सांध्यावर एकच बल्ब ठेवायचा आणि तिथून दोन्हीकडे सारखं अंतर मोजत जायचं. शिरोरेघेमुळे आपली एक मोठी सोय होते. अख्खा शब्द एकाच तुकड्यात राहतो, रोमन अक्षरांसारखी प्रत्येकाला वेगळी वायर न्यावी लागत नाही.

स्वस्तात करायची म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने झिरोचे बल्ब बसवू नका, ही विनंती मी कळकळीने करते. नावात झिरो असला तरी तारेचा तो बल्ब साधारण 15 वॅट वीज घेतो. दहा बल्ब म्हणजे 150 वॅट, आणि त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन बंद पुठ्ठ्यात कोंडते. त्याच होल्डरमध्ये अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो बल्ब बसतो. दहा मिळून फक्त 5 वॅट. तरी तारेत 230 व्होल्ट असतातच, त्यामुळे ते जोडकाम वायरमनकडूनच करून घ्या. पहिलीच पाटी असेल तर सरळ 12 व्होल्टचे दिवे घ्या. दुकानांच्या बोर्डांत भोकात दाबून बसवतात ते पिक्सल एलईडी पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लोहार चाळीत मिळतात. रंग मात्र ‘वॉर्म व्हाइट’च मागा, 2700 ते 3000 केल्विनचा. 6500 केल्विनचा पांढरा उजेड लावलात की पाटी औषधाच्या दुकानाची वाटते.

बाजूच्या कडांसाठी नवा पत्रा आणायची गरज नाही. मिठाईवाल्याकडचा 15 किलो तेलाचा रिकामा डबा कापून तीन इंची पट्ट्या काढा. हातमोजे घालूनच, कारण ही कड ब्लेडसारखी लागते. गंजलेला रंग हवा म्हणून लोक थेट व्हिनेगर आणि मीठ लावतात, आणि काहीच होत नाही. डब्याच्या पत्र्यावर कथिलाचा थर असतो. तो पॉलिश पेपरने घासून काढला तरच गंज धरतो. मग वरून पारदर्शक वार्निश द्या, नाहीतर पावसाळ्यात तो गंज भिंतीवर उतरतो. वायर जिथून पत्र्याबाहेर येते त्या भोकाला रबरी कडं बसवा.

थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नका, विरघळतो.

बल्बऐवजी एलईडी पट्टी वापरत असाल तर सगळ्यात जास्त गोंधळ अडॅप्टरचा होतो. पट्टीवर मीटरला किती वॅट ते बघा. 4.8 वॅटची 3 मीटर पट्टी म्हणजे 14.4 वॅट, तिला 12 व्होल्ट 2 अँपिअरचा, म्हणजे 24 वॅटचा अडॅप्टर पुरतो. 14.4 वॅटची तीच 3 मीटर पट्टी 43 वॅटच्या वर जाते, तिला 5 अँपिअरचा लागतो. लहान अडॅप्टर लावला की तो तापतो आणि दिवे लुकलुकतात.

पट्टीचा एखादाच तुकडा बंद असेल तर बहुधा ती खुणेच्या रेषेऐवजी मधेच कापली गेली आहे किंवा अधिक-उणे उलटं जोडलंय. शेवटचे दिवे मंद वाटत असतील तर दुसऱ्या टोकालाही त्याच अडॅप्टरची वायर द्या. पट्टी सुटून लोंबत असेल तर प्लायवर आधी रंगाचा हात द्या, वाळू द्या, मग चिकटवा. कच्च्या लाकडाच्या भुशावर गोंद टिकत नाही.

भिंतीला खिळा ठोकण्याआधी पाटी टेबलावर दोन तास चालू ठेवा. मग अडॅप्टरला आणि मागच्या प्लायला हात लावून बघा. हात सहज ठेवता आला तरच टांगा.