शनेल घराण्याचा इतिहास कसा अभ्यासावा

कोणाला फॅशन डिझाइनच्या अभ्यासक्रमासाठी प्रकल्प करायचा असतो, कोणाला वाचनालयात व्याख्यान द्यायचे असते, तर कोणाला दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा असतो, आणि विषय ठरतो शनेल हे पॅरिसचे फॅशन घराणे. अशा वेळी बहुतेक जण संस्थापक गाब्रिएल शनेल यांच्या बालपणापासून सुरुवात करतात आणि टोप्यांचे दुकान, काळा पोशाख, नंबर ५ हा सुगंध असे टप्पे घेत त्यांच्या निधनापाशी थांबतात. हा मार्ग सोपा आहे, परंतु त्यातून हाती लागते ते एका व्यक्तीचे चरित्र. घराण्याचा इतिहास त्यापेक्षा वेगळा असतो. ज्या सुगंधामुळे हे नाव जगभर पोहोचले, त्या सुगंधाच्या कंपनीत स्वतः शनेल यांचा वाटा केवळ १० टक्के होता. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवून अभ्यासाला बसले, तर पुढची बरीच गुंतागुंत आपोआप उलगडते.

म्हणून पहिले काम असे करावे की एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिला रकाना पोशाखांचा, दुसरा सुगंधांचा आणि तिसरा मालकीचा. पहिल्या रकान्यात १९१० येईल, कारण त्या वर्षी पॅरिसच्या कांबों रस्त्यावर २१ क्रमांकाच्या जागेत शनेल यांनी टोप्यांचे दुकान थाटले. त्यानंतर दोव्हिल या समुद्रकाठच्या गावातील दुकान, १९१५ मधील बिआरित्झचे शिवणगृह आणि १९१८ मध्ये त्याच कांबों रस्त्यावर घेतलेली ३१ क्रमांकाची इमारत, जी आजही या घराण्याचा पत्ता म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या रकान्यात १९२१, म्हणजे नंबर ५. तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला ऑर्थर केपल या इंग्रज मित्राने दिलेले भांडवल येईल आणि मग येईल सर्वांत महत्त्वाचे वर्ष, १९२४. त्या वर्षी ‘पार्फं शनेल’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिचे ७० टक्के हिस्से बुर्ज्वा या प्रसाधन कंपनीचे मालक प्येर आणि पोल वेर्थाइमर या बंधूंकडे गेले, २० टक्के हिस्से शनेल आणि वेर्थाइमर यांची भेट घडवून आणणारे, गॅलरी लाफायेत या पॅरिसमधील मोठ्या दुकानाचे तेओफिल बादेर यांना मिळाले आणि उरलेले १० टक्के शनेल यांच्याकडे राहिले. पोशाखांचे घर मात्र पूर्णपणे त्यांचेच होते. एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या मालकीचे व्यवसाय चालू होते, हे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही.

दुसरे काम दंतकथा आणि नोंद वेगळी करण्याचे. येथे अधिक सावध राहावे लागते, कारण आपल्या आयुष्याविषयी सर्वाधिक दंतकथा स्वतः शनेल यांनीच पसरवल्या. सोम्यूर येथील जन्मनोंद १९ ऑगस्ट १८८३ ची आहे आणि तिच्यात आडनावही चुकून ‘शास्नेल’ असे लिहिले गेले आहे. त्या स्वतः मात्र आपले वय कमी सांगत आणि आपल्याला मावश्यांनी वाढवले असे सांगत. आईच्या मृत्यूनंतर वडिलांनी मुलींना ओबाझिनच्या मठातील अनाथाश्रमात ठेवले, असे चरित्रकार मानतात, परंतु हा उल्लेख शनेल यांनी आयुष्यभर टाळला. त्याच मठाच्या खिडक्यांवरील नक्षीतून एकमेकांत गुंतलेल्या दोन ‘सी’ची मुद्रा सुचली, असे हल्ली सर्रास लिहिले जाते. अशा प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारावा: हे खरे असते, तर त्याचा कोणता पुरावा मागे राहिला असता? जन्माची नोंद राहते, कराराचा कागद राहतो, नियतकालिकाचा अंक राहतो. मनात काय सुचले, याचा पुरावा राहत नाही. म्हणून खिडक्यांची गोष्ट सांगायचीच असेल, तर ‘असे सांगितले जाते’ या शब्दांनीच सांगावी. याउलट काळ्या पोशाखाची गोष्ट निःशंकपणे लिहिता येते, कारण ‘व्होग’ या फॅशन नियतकालिकाच्या अमेरिकी आवृत्तीच्या ऑक्टोबर १९२६ च्या अंकात त्या साध्या काळ्या पोशाखाचे रेखाचित्र छापले गेले आहे आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केलेली आहे. मात्र काळा पोशाख शनेल यांनीच प्रथम शिवला, असा अर्थ त्यातून काढू नये.

आता सुगंधाकडे वळू. या भागाला पुरेसा वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे, कारण केवळ वाचून सुगंधाचा इतिहास कळत नाही. नंबर ५ चे जनक एर्नेस्ट बो हे मॉस्कोत जन्मलेले होते आणि तेथील राले या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीत त्यांची जडणघडण झाली. रशियन क्रांतीनंतर ते फ्रान्सला आले. त्यांनी शनेल यांच्यापुढे १ ते ५ आणि २० ते २४ अशा क्रमांकांचे नमुने ठेवले आणि त्यांतून पाचवा निवडला गेला, असे ते सांगत. नंबर ५ मधील अल्डिहाइडचे (प्रयोगशाळेत बनवलेल्या सुगंधी रसायनाचे) प्रमाण मदतनिसाच्या चुकीने वाढले, ही कथाही तुमच्या वाचनात येईल. तिला थारा देऊ नये. अल्डिहाइड वापरलेला उबिगां कंपनीचा ‘केल्क फ्लर’ हा सुगंध १९१२ पासून बाजारात होता आणि बो यांनी राले कंपनीसाठी केलेल्या आधीच्या रचनेशी नंबर ५ चे जवळचे नाते आहे, हे सुगंधरसायनाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ही चूक नव्हती. एका कसबी माणसाच्या अनेक वर्षांच्या कामाचे ते फळ होते आणि तसे लिहिणे हा बो यांना न्याय देण्याचा भाग आहे.

हुंगण्याची पद्धत अशी ठेवावी. दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या कागदी पट्टीवर एकच फवारा घ्यावा, त्यावर नाव आणि वेळ लिहावी आणि अल्कोहोल उडून जाईपर्यंत थोडे थांबावे. पहिल्या मिनिटात नाकाला जाणवतो तो अल्डिहाइडचा झगझगीतपणा. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा, इस्त्री केलेल्या सुती कापडाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास एकत्र आल्यासारखा तो वाटतो. वीस मिनिटांनी तीच पट्टी पुन्हा हुंगावी, म्हणजे गुलाब, यलांग-यलांग आणि जाई पुढे येतात. चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चंदन, वाळा आणि कस्तुरीसारख्या द्रव्यांचा मंद तळ उरतो. प्रत्येक वेळी जे जाणवले ते आपल्या शब्दांत लिहून ठेवावे. जाई, चंदन आणि वाळा हे तिन्ही वास मराठी घरात लहानपणापासून ओळखीचे असतात, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. फ्रान्समध्ये ग्रास या शहराच्या परिसरात होणारे ‘जास्मिन’ हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या जाईचेच फूल आहे आणि याच फुलाची सुगंधी द्रव्यासाठी तमिळनाडूतही मोठी लागवड होते. ग्रासजवळच्या पेगोमास येथे म्यूल कुटुंबाच्या शेतांशी शनेलने १९८७ पासून कायमचा करार केलेला आहे. तेथे उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पहाटे हाताने फुले खुडली जातात आणि त्यांतील सुगंध द्रावकाच्या साहाय्याने काढला जातो.

येथे एक शब्दही जपून वापरावा लागतो. मराठीत सहजपणे ‘शनेलचे अत्तर’ असे म्हटले जाते, परंतु अत्तर म्हणजे फुलांचा अर्क परंपरेने चंदनाच्या तेलात उतरवून केलेले द्रव्य. नंबर ५ हे अल्कोहोलात विरघळवलेले, नैसर्गिक अर्क आणि प्रयोगशाळेतील रसायने यांचे मिश्रण आहे. त्याला ‘परफ्यूम’ किंवा ‘सुगंध’ म्हणणेच योग्य, कारण या दोन परंपरांतील फरक पुसला गेला तर नंबर ५ मध्ये नवीन काय होते, हेच वाचकाला समजत नाही.

कुपीवरील नाव एकच असले, तरी आतला द्रव एकच असतो असे नाही. नंबर ५ चा १९८६ चा ‘ओ द पार्फं’ हा प्रकार शनेलचे सुगंधकार झाक पोल्ज यांचे काम आहे आणि २०१६ चा ‘लो’ हा प्रकार त्यांचे पुत्र ओलिव्हिए पोल्ज यांचे. आपण कोणता प्रकार हुंगला, हे लेखात स्पष्टपणे नोंदवावे. कोणाच्या कपाटात आजीच्या काळची जुनी कुपी सापडली, तर मोह आवरावा, कारण उष्णता आणि उजेड यांनी वरचे हलके घटक बिघडलेले असतात आणि त्या वासावरून १९५० चा नंबर ५ कसा होता, हे ठरवता येत नाही. त्यासाठी व्हर्साय येथे १९९० मध्ये स्थापन झालेली ओस्मोतेक ही संस्था आहे. तेथे जुने सुगंध १२ अंश सेल्सिअस तापमानात आणि आर्गॉन वायूच्या आच्छादनाखाली जपले जातात.

सर्वांत कठीण भाग १९३९ ते १९४७ या काळाचा आहे. तो टाळू नये आणि घाईने उरकूही नये. युद्ध सुरू होताच शनेल यांनी पोशाखांचे घर बंद केले; सुगंधाची विक्री मात्र चालू राहिली. ज्यू असलेले वेर्थाइमर कुटुंब १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचले आणि फ्रान्समधील कंपनी त्यांनी फेलिक्स आमियो या विमान उद्योजकाच्या हाती सोपवली. जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये ज्यूंची मालमत्ता हिरावून घेणारे नियम लागू होते. मे १९४१ मध्ये शनेल यांनी अधिकाऱ्यांना पत्र लिहून, पार्फं शनेल ही अजूनही ज्यूंची मालमत्ता असल्याने ती आपल्याला मिळावी, अशी मागणी केली. आमियो यांच्याकडील कागदपत्रांमुळे ती फसली आणि युद्धानंतर कंपनी वेर्थाइमर कुटुंबाकडे परत आली. शनेल यांचे हान्स ग्युंटर फॉन डिंकलागे या जर्मन अधिकाऱ्याशी संबंध होते आणि जर्मन गुप्तहेर खात्याच्या नोंदींत त्यांचे नाव ‘वेस्टमिन्स्टर’ या टोपणनावाने आढळते. २०२३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील प्रदर्शनात या नोंदींबरोबरच फ्रेंच प्रतिकार चळवळीच्या यादीत त्यांचे नाव असल्याचे कागदही मांडले होते. दोन्ही कागद आपल्या लेखात असावेत. परंतु एकाने दुसरा धुऊन निघतो, असे मला वाटत नाही, कारण १९४१ च्या पत्रावर त्यांची मागणी स्वच्छ शब्दांत आहे.

आता तिसरा रकाना पुन्हा पाहावा, कारण त्यातील पुढची नोंद कोणालाही चकित करील. १९४७ च्या तडजोडीने शनेल यांना सुगंधाच्या जागतिक विक्रीतून हिस्सा मिळू लागला. ५ फेब्रुवारी १९५४ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी पोशाखांचे घर पुन्हा उघडले, तेव्हा त्यामागे पैसा उभा होता तो प्येर वेर्थाइमर यांचा. त्याच वर्षी पोशाखांचे घरही त्या कुटुंबाच्या मालकीचे झाले. पोशाख आणि सुगंध यांची मालकी एकत्र आली ती अशी. फेब्रुवारी १९५५ ची २.५५ ही बॅग, लोकरी ट्वीडचा सूट, १० जानेवारी १९७१ चे निधन, १९८३ मध्ये आलेले आणि २०१९ पर्यंत राहिलेले रचनाकार कार्ल लागरफेल्ड, हे टप्पे सर्वत्र नीट नोंदलेले आहेत, त्यामुळे त्यांवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही.

एखादी वस्तू पुरावा म्हणून वापरताना ती कोणी बनवली, हे तपासावे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दिवशी, त्यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी यांच्या अंगावर असलेला गुलाबी सूट ‘शनेलचा’ म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात तो शनेलच्या रचनेवरून आणि तेथून आणवलेल्या साहित्यातून न्यूयॉर्कच्या शे निनों या दुकानात शिवला गेला होता. कुपीचेही तसेच आहे. १९२१ ची कुपी खांद्यांना गोलाई असलेली होती आणि आज आपल्याला ठाऊक असलेला कडा तासलेला आकार १९२४ पासूनचा आहे.

शेवटचा प्रश्न महाराष्ट्राशी असलेल्या संबंधाचा. जानेवारी २०२२ पासून या कंपनीच्या जागतिक मुख्य कार्यकारी अधिकारी लीना नायर आहेत. त्या मूळच्या कोल्हापूरच्या असून सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या आहेत. मराठी श्रोत्यांपुढे बोलताना त्यांच्यापासूनच सुरुवात करण्याची ओढ स्वाभाविक आहे आणि त्यामागचा अभिमानही रास्त आहे. तरीही त्यांचे नाव तिसऱ्या रकान्यात, अॅलन आणि जेरार्ड वेर्थाइमर या आजच्या मालक बंधूंच्या नावांखाली लिहावे. कुटुंबाच्या मालकीच्या या कंपनीने आपल्या उलाढालीचे आकडे २०१८ मध्ये प्रथमच जाहीर केले. २०१७ या वर्षाची ती उलाढाल ९.६२ अब्ज डॉलर होती. त्या आकड्यानंतर नायर यांची नोंद केली, म्हणजे त्यांच्याकडे आलेल्या जबाबदारीचे वजन ऐकणाऱ्याला नेमके कळते.