पहिलीत घालण्याआधी: विशेष गरजा असलेल्या मुलासाठी कोकणात शाळा बघताना

एप्रिल-मेमध्ये कोकणातली कुठलीही जिल्हा परिषदेची शाळा बघायला जा, ती चांगलीच वाटते. आवार सुकं, भिंती रंगवलेल्या, आंब्याखाली सावली आणि मुख्याध्यापकांना बोलायला वेळ. तुमचं मूल मात्र तिथे जूनच्या मध्यावर जाऊ लागणार आणि त्याचे पहिले चार महिने पावसात जाणार. म्हणून शाळा मेमध्ये बघा, पण डोळ्यासमोर जुलै ठेवा. सिंधुदुर्गात प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले, तरी चैत्र लागला की कोणी ना कोणी आईबाप फाईल घेऊन ओटीवर येतात. त्यांना जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते. सगळंच सगळ्यांना लागू पडणार नाही. आपल्या मुलाला लागेल ते उचला.

दिवाळी झाली की लगेच कागदांना हात घाला, कारण सगळ्यात जास्त वेळ तेच खातात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांचा अर्ज ऑनलाइन होतो. मोबाइलवर जमत नसेल तर ई-सेवा केंद्रात भरून घ्या. तपासणीसाठी बहुतेकदा जिल्ह्याच्या रुग्णालयात जावं लागतं, म्हणजे आपल्याकडे ओरोसला, तिकडे रत्नागिरीला किंवा अलिबागला. कोणत्या वारी कोणते डॉक्टर बसतात हे आधी फोन करून विचारा, नाहीतर पहाटेची एसटी पकडून गेलेला अख्खा दिवस फुकट जातो. लहान मुलांचं प्रमाणपत्र बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं असतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासून जातं. त्या पथकाने कधी चिठ्ठी दिली असेल तर तीही फाईलला लावा. अंगणवाडी सेविकेने मुलाला दोन-तीन वर्षं रोज पाहिलेलं असतं, तेव्हा तिच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या तर त्याचा शाळेला खरोखर उपयोग होतो.

टक्केवारीवरून घाबरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते जवळच्या साध्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत हे निवडण्याचा हक्कही त्यालाच आहे. टक्के कमी आले म्हणून शाळेला दार लावता येत नाही. प्रमाणपत्र अजून हातात आलेलं नाही म्हणूनही नाही. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या किंवा गणितातल्या अडचणीचं, प्रमाणपत्र मात्र पहिलीच्या वयात मागत फिरू नका. त्याची चाचणी साधारण तिसरीत किंवा आठव्या वर्षी होते.

आता खऱ्या तयारीकडे. एक पानभर कागद घ्या आणि मुलाबद्दल लिहा. आजाराचं नाव पहिल्या ओळीत नको. गेल्या वर्षी कणकवलीकडची एक आई आली होती. मुलगा पाच संपून सहाव्यात, बोलत नव्हता. बसल्याबसल्याच म्हणाली, "बाई, झिलाक सगळा समाजता, फक्त बोलूक येना नाय." मी म्हटलं, "मग तेच वर लिही गो." त्याला काय समजतं, तहान लागली, लघवी लागली तर तो कशी खूण करतो, कशाला घाबरतो, घाबरला की कशाने शांत होतो, काय खात नाही, फिट येत असेल तर ती कशी दिसते आणि तेव्हा काय करायचं, औषध किती वाजता द्यायचं, कोणाला फोन करायचा. घरी मालवणी बोलत असाल तर मुलाचे ठरलेले शब्दही लिहा. घाटावरून नव्याने आलेल्या शिक्षकाला मूल 'माका व्हया' म्हणतं तेव्हा काय हवंय ते कळलं पाहिजे. या पानाच्या झेरॉक्स काढून एकेक वर्गशिक्षकांना, मुख्याध्यापकांना आणि आहार शिजवणाऱ्या ताईंना द्या. त्या ताई मुलाच्या तोंडात घास जाताना रोज बघतात. गिळायला त्रास असेल तर सगळ्यात आधी त्यांना माहीत हवं.

मग रस्ता. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. पण आपल्याकडचा किलोमीटर म्हणजे पाखाडी (पायऱ्यांची वाट), घाटी, मध्ये व्हाळ (ओढा) आणि त्यावरचा साकव (छोटा पूल). मुलाला घेऊन ही वाट एकदा त्याच्या चालीने चाला. पायऱ्यांच्या चिऱ्यावर शेवाळ कुठे धरतं, व्हाळाचं पाणी साकवावर चढतं का, चढलं तर शाळेत कुठून जायचं, हे वाडीतल्या मोठ्या मुलांना विचारा. त्यांना नेमकं ठाऊक असतं. व्हीलचेअर किंवा कॅलिपर (पायाला लावायचा आधार) असेल तर रिक्षा थेट पायरीपर्यंत पोचते का ते बघा. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलांसाठी प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे, मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ताही आहे. पैसे खात्यात जमा होतात, म्हणून मुलाच्या नावाचं खातं आत्ताच उघडा. मात्र रिक्षावाल्याशी बोलणी या भत्त्याच्या भरवशावर करू नका, तो मागाहून येतो. दोन शाळा सारख्या वाटल्या आणि एकीची वाट पावसात तुटत असेल, तर मी दुसरी घ्यायला सांगते, मग तिथे संगणक नसला तरी चालेल. महिन्यातले आठ-दहा दिवस घरी बसणाऱ्या मुलाची घडी पुन्हा पुन्हा शून्यापासून बसवावी लागते.

इमारतीत शिरल्यावर आधी वर बघा. कौलं आहेत, स्लॅब आहे की पत्रे? आपल्याकडे गळणाऱ्या स्लॅबवरही पत्रे चढवतात. जुलैत सरींमागून सरी आल्या की पत्र्याखाली बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही जात नाही. आवाज सहन न होणारं स्वमग्न मूल अशा वर्गात कान दाबून बसतं किंवा दाराकडे धावतं, आणि आठवड्याभरात 'पळून जातो' असा शिक्का त्याच्यावर बसतो. शाळेत कौलारू किंवा आतून छत मारलेली एखादी खोली असेल तर पहिलीचा वर्ग पावसापुरता तिथे भरवता येईल का, असं सरळ विचारा. कमी पटाच्या शाळेत खोल्या रिकाम्या असतात, ते सहज जमतं. आवाराला गडगा (दगडी कुंपण) आणि बंद होणारं फाटक आहे का, विहिरीवर जाळी आहे का, हेही त्याच फेरीत पाहा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांसाठी पावसाळा आणखी वाईट. श्रावणातली एक सकाळ माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. दुसरीतली मुलगी हाक मारली तरी वळेना, बाकीची मुलं म्हणाली ती रुसली आहे. यंत्र कानातून काढून उजेडात धरलं, तर कानातल्या साच्यापासून यंत्राकडे जाणाऱ्या बारीक नळीत पाण्याचा थेंब अडकला होता. हवेतल्या दमटपणाने आणि घामानेच तो साठतो. नळी वेगळी करून हवेच्या छोट्या पिचकारीने थेंब उडवला आणि ती लगेच माझ्याकडे बघायला लागली. म्हणून यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवायचं, दाण्यांचा रंग बदलला की ते बदलायचे, आणि हवेची पिचकारी व बॅटऱ्यांचं एक जादा पाकीट बाईंच्या कपाटात ठेवायचं. शाळा ठरवताना वर्गशिक्षिकेला हे करून दाखवा. ती हातात घेऊन स्वतः करून बघते की 'ठीक आहे, ठेवा' म्हणते, यावरून पुष्कळ कळतं.

रॅम्प बहुतेक शाळांत आहे, पण तो वापरता येतो का ते बघा. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी हवी. त्याहून खडा असेल तर मूल एकट्याने चढू शकत नाही आणि पावसात तर मोठ्यांचाही पाय सरकतो. कठडा दोन्ही बाजूंना हवा, पृष्ठभाग खरखरीत हवा, आणि पत्र्याच्या पागोळ्या नेमक्या रॅम्पवर पडायला नकोत. दिव्यांगांसाठीचं शौचालय उघडून दाखवा म्हणा. मी अशी शौचालयं पाहिली आहेत जिथे दाराला कुलूप, आत मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. जूनच्या आधी ते रिकामं करून, नळ चालू करून मिळेल का ते विचारा, आणि मुलाला घेऊन आत जाऊन बघा. खुर्ची दारातून जाते का, धरायला दांडी आहे का, मुलाच्या हाताला पाणी लागतं का? शौचालय जमत नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिता बसणारी मुलं मी वर्गात पाहिली आहेत, मुली तर फारच.

पट किती, शिक्षक किती, हा पुढचा प्रश्न, आणि कोकणात तो सगळ्यात अवघड. वाड्यांतल्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी आहेत आणि पट वीसच्याही खाली. विशेष मुलासाठी याच्यासारखी चांगली गोष्ट नाही असं मला मनापासून वाटतं. बाई प्रत्येक मुलाला नावाने, घराने ओळखतात, पहिली-दुसरी एकत्र बसतात, त्यामुळे मूल मागे पडलं तरी एकटं पडत नाही, आणि वरच्या वर्गातली मुलं आपणहून हात धरतात. पण दोघांपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकावर पडतात. त्या दिवशी तुमच्या मुलाकडे कोण बघेल याचं उत्तर आधी घ्या. शाळा टिकणार का, हेही विचारा. २०२३ मध्ये सरकारने वीसच्या आतल्या पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले होते, तेव्हापासून गावोगाव ती धाकधूक आहे. बदल्यांचंही तसंच. चांगल्या बाईंवर विसंबून शाळा घेतली आणि त्यांची बदली झाली, असं होतं. म्हणून दोन्ही शिक्षकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना भेटा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढे तुम्हीही तिच्यात जा.

शिक्षकांना भेटताना मुलाला बरोबर न्या आणि सुरुवातीची दहा मिनिटं स्वतः गप्प बसा. शिक्षक मुलाशी बोलतात की तुमच्याशीच? उत्तर आलं नाही तर थांबतात का? 'याला काय येतं' असं विचारतात की 'याला काय काय येत नाही'? प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, तशी कोणी घेऊ लागलं तर नम्रपणे थांबवा. आणि 'मी असं मूल कधी शिकवलेलं नाही, पण शिकेन' असं खरं सांगणाऱ्या बाईंकडे माझा कल जास्त असतो.

विशेष शिक्षक प्रत्येक शाळेत नसतात. ते तालुक्याच्या गट साधन केंद्रातून, म्हणजे पंचायत समितीतून, शाळाशाळांत फिरतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षात एकेकाकडे बऱ्याच शाळा असतात. म्हणून शाळा ठरण्याआधी गट साधन केंद्रात जाऊन त्यांनाच भेटा. मनातल्या दोन-तीन शाळांची नावं सांगा, कुठे किती वेळा येता, कोणत्या वारी येता, विचारा. वैयक्तिक शिक्षण आराखडा कोण आणि कधी करणार तेही. चष्मा, कॅलिपर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र यांच्या मोजमाप शिबिराची तारीख त्यांच्याकडेच कळते. प्रवेशानंतर यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झाली का, हे मुख्याध्यापकांकडून पडद्यावर पाहून घ्या. ती नोंद करायची राहून गेली तर भत्ता, साहित्य, शिबिर, सगळंच राहून जातं.

विशेष शाळेचा विचार मनातून काढून टाकू नका. उशिरा निदान झालेलं, पूर्ण बहिरं मूल असेल तर त्याला भाषा मिळणं सगळ्यात आधी, आणि खुणांची भाषा सराईतपणे येणारी माणसं विशेष शाळेत भेटतात. पण आपल्याकडे अशा शाळा थोड्या, बहुतेक शहरगावी, म्हणजे सहा वर्षांचं मूल वसतिगृहात ठेवणं आलं. हा निर्णय एका भेटीत करू नका. फार तीव्र किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर घरी शिक्षणाची तरतूद शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने आली आहे, पण तो पर्याय आईबापांनी निवडायचा असतो. 'घरीच ठेवा, आम्ही हजेरी लावू' असं शाळेने सुचवलं तर ऐकू नका.

एप्रिलच्या शाळापूर्व तयारी मेळाव्याला मुलाला नक्की न्या. गर्दीत ते कसं वागतं हे शिक्षकांना आणि तुम्हालाही दिसेल. प्रवेशाच्या दिवशी जन्मदाखला, आधार, पासबुक, प्रमाणपत्र आणि फोटो न्या. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडत नाही. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. प्रवेश नाकारला तर तोंडी वाद घालू नका. कारण लेखी मागा, अर्जाची पोच घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. बहुतेक वेळा पोच मागितल्यावरच प्रवेश होतो.

जून सुरू झाला की पहिला आठवडा अर्धा दिवस चालेल का ते ठरवून घ्या. मग गणपतीच्या सुट्टीआधी, भर पावसात, एकदा न सांगता शाळेत जा आणि मूल कुठे बसलंय, कोणाशेजारी जेवतंय, पाणी पितंय का, एवढंच बघून या. मांडणीत बदल हवा असेल तर तेव्हाच सांगा, कारण सुट्टीत घर चाकरमान्यांनी भरतं, मुलाची सवय मोडते आणि परत शाळेत बसवायला वेळ लागतो. आणि शाळा अगदीच जमत नसेल तर वर्ष संपायची वाट बघू नका. दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.